नोटेवरचा तारा

जुलै २०२३ मधली गोष्ट आहे. सोयाबीनची खुरपणी जोरात चालू होती आणि धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत वह्यांचे पैसे गोळा करण्याचे काम चालले होते. सातवीतल्या एका मुलीने पाचशेची नोट आणली. नोट कोरी करकरीत होती. पण तिच्या नंबरात, सुरुवातीची अक्षरे आणि पुढचे आकडे यांच्या मधे, एक लहानसा तारा छापलेला होता. आमच्यापैकी एकाने त्याच आठवड्यात मोबाइलवर आलेला निरोप वाचला होता : तारा असलेली पाचशेची नोट बनावट आहे, घेऊ नका. आम्ही सगळ्यांनी नोट उजेडात धरून पाहिली, माना हलवल्या आणि मुलीला सांगितले, "ही चालणार नाही, बदलून आण."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. ती नोट म्हणजे तिची दोन दिवसांच्या खुरपणीची मजुरी होती. ज्याने दिली त्याने परत घेतली नाही, दुकानदाराने हात लावला नाही, म्हणून कामाचा एक दिवस मोडून ती एसटीने तालुक्याच्या बँकेत गेली. तिथे नोट पाहून लगेच तिचे सुट्टे करून दिले. "बँकेत चालती म्हनले, गुरुजी. तुमच्या हितंच चालंना झाली," एवढेच ती म्हणाली आणि वह्यांचे पैसे टेबलावर मोजून ठेवून निघून गेली.

त्याच महिन्यात, २७ तारखेला, रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून खुलासा केला की तारा असलेली नोट ही इतर कोणत्याही नोटेइतकीच कायदेशीर आहे. तोपर्यंत आमची चूक होऊन गेली होती.

नंतर आम्ही शिक्षक या घटनेवर बरेच बोललो. आम्ही विज्ञान शिकवतो. निरीक्षण, तुलना, अनुमान हे शब्द आमच्या तोंडी रोज असतात. इथे आमचे निरीक्षण बरोबर होते. तारा खरोखरच होता. पण 'वेगळी दिसते, म्हणून खोटी' ही उडी आम्ही कशाच्या आधारावर मारली? वेगळेपणाची कारणे किती प्रकारची असू शकतात हे आम्ही तपासलेच नव्हते. मग आम्ही ठरवले की आधी आपणच नोट वाचायला शिकावे आणि मग मुलांना शिकवावे. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवत आहोत. याला लागणारे साहित्य म्हणजे खिशातल्या पाच-दहा नोटा आणि शाळेतले एक भिंग.

दोन नोटा शेजारी ठेवा

दहा रुपयांच्या दोन नोटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. मुलांना विचारले तर ती म्हणतील, "दोन्ही सारख्याच आहेत, सर." आता त्यांना एकेक गोष्ट पाहायला सांगा.

पहिली गोष्ट रंग आणि चित्र. सध्या चलनात दहाच्या दोन तऱ्हेच्या नोटा आहेत. १९९६ पासून निघालेल्या महात्मा गांधी मालिकेतल्या आणि जानेवारी २०१८ पासूनच्या नव्या मालिकेतल्या. नवी नोट चॉकलेटी रंगाची असून तिच्या मागे कोणार्कचे सूर्यमंदिर आहे. वीसच्या नव्या नोटेमागे (ही २०१९ मध्ये आली) तर आपल्या मराठवाड्यातले वेरूळ आहे. नव्या मालिकेतल्या दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा आल्या म्हणून जुन्या मालिकेतल्या याच किमतीच्या नोटा रद्द झालेल्या नाहीत. रद्द झाल्या त्या ८ नोव्हेंबर २०१६ रोजी जाहीर झालेल्या जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटा.

दुसरी गोष्ट छपाईचे साल. नोट उलटी करा. जुन्या मालिकेत खालच्या बाजूला मध्यभागी आणि नव्या मालिकेत डावीकडे बारीक आकड्यांत साल असते. २००५ पूर्वी छापलेल्या नोटांवर साल छापलेले नसे.

तिसरी गोष्ट सही. नोटेच्या पुढच्या बाजूला रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. गव्हर्नर बदलले की सही बदलते. रघुराम राजन (२०१३ ते २०१६), ऊर्जित पटेल (२०१६ ते २०१८), शक्तिकांत दास (२०१८ ते २०२४) आणि डिसेंबर २०२४ पासून संजय मल्होत्रा. या सह्या भिंगाखाली सहज ओळखू येतात. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरची सही नसते. ती नोट भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवांची सही असते.

चौथी गोष्ट नंबर. तो दोन ठिकाणी छापलेला असतो. नव्या मालिकेत वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. त्यात आधी एक आकडा व दोन अक्षरे आणि मग सहा आकडे असतात. हे सहा आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. ही पद्धत २०१५ पासून आली. त्याआधीच्या नोटांचे आकडे एकाच उंचीचे आहेत.

पाचवी गोष्ट शोधायला भिंग लागेल. काही नोटांवर नंबराच्या खाली, त्याच जागेत, एखादे फिकट इंग्रजी अक्षर दडलेले असते : ए, ई, एल, आर असे. याला इनसेट लेटर म्हणतात. रिझर्व्ह बँक नवी नोट जाहीर करते तेव्हा पत्रकात या अक्षराचाही उल्लेख करते. काही नोटांवर असे अक्षर नसतेच, आणि तीही नोट तितकीच खरी असते.

शिवाय रुपयाचे चिन्ह पाहा. ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. त्याआधी छापलेल्या नोटांवर ते असणे शक्य नाही.

एवढे कळले की मुलांना एक कोडे घालता येते. जुन्या मालिकेतली एक मळकी शंभराची नोट घ्या आणि तिचे साल बोटाने झाका. सही राजन यांची आहे. रुपयाचे चिन्ह आहे. नंबराचे आकडे मात्र एकाच उंचीचे आहेत. मग नोट साधारण केव्हाची? राजन सप्टेंबर २०१३ मध्ये गव्हर्नर झाले आणि आकडे वाढत जाण्याची पद्धत २०१५ मध्ये आली. म्हणजे नोट या दोहोंच्या दरम्यानची असली पाहिजे. बोट काढा आणि ताळा पाहा. आपल्या जिल्ह्यातल्या तेर इथे, म्हणजे प्राचीन तगर नगरात, उत्खनन करणारे संशोधक याच रीतीने विचार करतात. एखाद्या थरात कोणत्या तऱ्हेची भांडी आणि कोणाची नाणी सापडली यावरून त्या थराचा काळ ते ठरवतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सहल नेलीत तर हा दुवा मुलांना जरूर दाखवा.

फरक येतो कुठून?

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या लक्षात आले की नोटेवर दिसणारा कोणताही फरक चारपैकी एका कारणाने आलेला असतो. एक, तो मुद्दाम केलेला असतो. दोन, छपाईत आपोआप आलेला असतो. तीन, वापराने झालेला असतो. आणि चार, नोट बनावट असते. साल, सही, तारा, अक्षर हे पहिल्या प्रकारातले. दुसरा प्रकार समजून घ्यायचा तर नोट कशी छापतात हे थोडे पाहावे लागेल.

आपल्या नोटा चार ठिकाणी छापल्या जातात. आपल्या राज्यातला नाशिक रोडचा करन्सी नोट प्रेस हा सर्वांत जुना. तिथे १९२८ पासून नोटा छापतात. दुसरा मध्य प्रदेशातल्या देवास इथला. म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधले सालबोनी इथले छापखाने त्यामानाने नवे. चार छापखाने, अनेक यंत्रे, अनेक ठसे आणि कोट्यवधी नोटा असा हा कारभार आहे.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणूनच धुतल्या गेलेल्या शर्टाच्या खिशातून नोट धडपणे बाहेर येते आणि बसचे तिकीट मात्र लगदा होऊन निघते. या कागदाच्या मोठ्या तावावर अनेक नोटा एकदम छापल्या जातात आणि एकाच तावावर वेगवेगळ्या प्रकारची छपाई पाठोपाठ होते.

आधी पार्श्वभूमीची बारीक रंगीत नक्षी ऑफसेट पद्धतीने छापतात. यात शाई ठशावरून रबराच्या आवरणावर आणि तिथून कागदावर येते. ही छपाई सपाट असते, बोटाला लागत नाही. मग शंभर आणि त्यावरील किमतीच्या नोटांवर गांधीजींचे चित्र व इतर काही भाग इंटॅग्लिओ पद्धतीने छापतात. धातूच्या पत्र्यावर चित्र खोदलेले असते. खोदलेल्या रेघांत दाट शाई भरतात, वरची शाई पुसून टाकतात आणि पत्र्यावर कागद प्रचंड दाबाने दाबतात. कागद त्या रेघांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून ती शाई कागदावर उंच राहते आणि नखाला खरखरीत लागते. शेवटी नंबर छापतात. ते उठावाच्या आकड्यांनी, म्हणजे आपल्या शाळेच्या शिक्क्यासारखे, प्रत्येक नोटेवर वेगळे उमटवले जातात. मग ताव कापून नोटा सुट्या करतात.

आता मुलांना विचारा, एकाच कागदाला इतक्या वेळा यंत्रातून जावे लागले तर काय होईल? मुले स्वतःच सांगतात : "सर, कागद थोडा सरकेल." अगदी बरोबर. पार्श्वभूमीची नक्षी आणि चित्र यांच्यातले अंतर केसभर बदलते. नंबर किंचित वर किंवा खाली उमटतो. कापताना एका बाजूचा कोरा काठ जरा रुंद आणि दुसऱ्या बाजूचा अरुंद होतो. शाईची छटा एका खेपेला गडद, दुसऱ्या खेपेला फिकट येते. हा फरक एका मर्यादेपर्यंत चालवून घेतला जातो आणि त्यापलीकडे गेलेली नोट तपासणीत बाद होते.

हे पटवण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. भेंडी आडवी कापून दोन तुकडे घ्या. एका तुकड्याने लाल रंगाचा ठसा कागदावर उमटवा. वाळल्यावर दुसऱ्या तुकड्याने निळा ठसा त्याच्या बरोबर मधोमध उमटवायचा. प्रत्येक मुलाने दहा वेळा करायचे. दहाही ठसे तंतोतंत सारखे कोणाचेच येत नाहीत. मग पट्टीने अंतर मोजून जास्तीत जास्त किती सरकले ते मुलांनी लिहावे. यंत्राचा हात आपल्यापेक्षा कितीतरी स्थिर असतो, पण त्यालाही थोडी सूट द्यावीच लागते.

तिसऱ्या प्रकारचा फरक, वापराचा, आपल्या ओळखीचा आहे. घामाने, पाण्याने, हळदीच्या बोटांनी, उन्हात वाळवल्याने रंग उडतो. खोदीव छपाईची खरखर झिजते. त्यामुळे जुनी मऊ पडलेली नोट 'गुळगुळीत लागते' एवढ्यावरून बनावट ठरवणे चूक आहे.

तारा कशासाठी?

तारा हा पहिल्या प्रकारचा, मुद्दाम केलेला फरक आहे. त्यामागची अडचण समजली की तो किती साधा उपाय आहे हे कळते.

नोटांच्या पुडक्यात शंभर नोटा असतात आणि त्यांचे नंबर ओळीने असतात. समजा, त्यातली अडतिसावी नोट छापताना बिघडली आणि तपासणीत बाद झाली. आता पुडक्यात नव्व्याण्णवच नोटा उरल्या. भोक कसे भरायचे? तोच नंबर पुन्हा छापायचा तर एका नोटेसाठी यंत्र थांबवून नंबर लावावा लागणार. त्यापेक्षा वेगळ्या नंबरांच्या काही नोटा आधीच छापून ठेवल्या आणि बाद नोटेच्या जागी त्यांतली एक घातली तर काम सोपे होते. फक्त ही बदली नोट आहे हे ओळखू आले पाहिजे. ती खूण म्हणजे तारा. ज्या पुडक्यात अशी नोट असते त्याच्या पट्टीवर तसे लिहिलेले असते.

आपल्याकडे ऑगस्ट २००६ पर्यंत सर्व कोऱ्या नोटा ओळीच्या नंबरांच्याच निघत. त्यानंतर आधी दहा, वीस आणि पन्नासच्या, मग शंभरच्या आणि २०१६ च्या अखेरीस नव्या पाचशेच्या नोटांत ताऱ्याची पद्धत आली. म्हणजे त्या मुलीची नोट आमच्या हातात आली तेव्हा ही पद्धत सतरा वर्षांची जुनी होती. दहाची तारा असलेली नोट आमच्याही खिशातून कितीदा तरी गेली असेल. आम्ही कधी पाहिले नव्हते, एवढेच.

हिरव्या धाग्याची अफवा

अशीच आणखी एक अफवा आपल्याही कानावर आली असेल. पाचशेच्या नोटेतला हिरवा धागा गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर नोट खोटी आणि गव्हर्नरच्या सहीजवळ असेल तर खरी. केंद्र सरकारच्या माहिती विभागाने हे चुकीचे असून दोन्ही नोटा खऱ्या आहेत असे जाहीर केले आहे.

पण नुसता खुलासा सांगण्यापेक्षा कारण शोधलेले बरे. हा धागा छापखान्यात बसवत नाहीत. कागद तयार होत असताना, लगदा ओला असतानाच, तो कागदात घातला जातो. नोटेवरचे चित्र पुढे कधीतरी, दुसऱ्या ठिकाणी छापले जाते. तेव्हा धागा आणि चित्र यांच्यातले अंतर प्रत्येक नोटेत तंतोतंत सारखे राहील अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. तपासायचे असेल तर धाग्याची जागा सोडून धाग्याचे गुण तपासा. त्यावर 'भारत' आणि इंग्रजीत आर बी आय ही अक्षरे आहेत का? पाचशेची नोट तिरपी केल्यावर धाग्याचा हिरवा रंग निळा होतो का?

नोटेची खरी परीक्षा अशीच असते. उजेडात धरून जलचिन्हात गांधीजींचे चित्र पाहायचे. धागा सलग दिसतो का ते पाहायचे. तिरपी करून रंग बदलतो का ते पाहायचे. नखाने उठाव तपासायचा. नव्या मालिकेत शंभराच्या नोटेच्या दोन्ही कडांना चार तिरप्या उठावदार रेघा आहेत, दोनशेच्या नोटेला चार रेघा आणि त्यांच्यामधे दोन वर्तुळे, पाचशेच्या नोटेला पाच रेघा. अंध व्यक्तींना नोट ओळखता यावी म्हणून या रेघा आहेत. लांबीतही फरक आहे. दहाची नोट १२३ मिलिमीटर, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. मुलांचे डोळे बांधून रेघा मोजायला द्या. दोनशे आणि शंभर यांच्यात फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे हे बोटाला कळते का, हे पाहणेही उद्बोधक आहे. दृष्टी नसलेल्या माणसाला बाजारात काय करावे लागते याची थोडी कल्पना मुलांना त्यातून येते.

एक खूण जुळली नाही म्हणून नोट खोटी ठरत नाही आणि एक जुळली म्हणून खरी ठरत नाही. चार-पाच स्वतंत्र खुणा एकत्र पाहाव्या लागतात. डॉक्टर नुसता ताप पाहून रोग ठरवत नाहीत, तसेच हे आहे.

हाली आणि कलदार

नोट वाचण्याची गरज आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे चलन वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी अमलातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार असा हिशेब होता. म्हणजे शंभर रुपये कलदार घ्यायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली द्यावे लागत. (रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै हे सांगून मुलांना हे गणित जरूर घाला.) सोलापूर कलदारचे आणि तुळजापूर हालीचे. दोन्हीकडे व्यवहार असलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ ठेवावाच लागे.

संस्थानाच्या कागदी नोटा १९१८ पासून निघू लागल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांतही किंमत लिहिलेली असे. सही संस्थानच्या अर्थमंत्र्याची. त्या सह्यांवरून आज संग्राहक नोटेचा काळ ठरवतात. त्यांत गुलाम मुहम्मद यांची सही आहे. हे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन यांचीही आहे. हे पुढे पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले तरी हाली लगेच गेले नाही. १९५९ पर्यंत ते चालले. गावातल्या एखाद्या जुन्या पेटीत अशी नोट निघाली तर ती आता बाजारात चालणार नाही, पण इतिहासाच्या तासाला तिच्याइतके चांगले साधन नाही. आजच्या नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी आहे. तीत मराठी आठवी येते. का, ते मुलांनी इंग्रजी वर्णक्रमाने नावे लावून शोधावे.

७८६ ची किंमत

फरक ओळखता येऊ लागले की एक मोह होतो. 'माझ्याकडे ७८६ नंबरची नोट आहे, लाखाला जाईल.' असे निरोपही फिरत असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा विकत घेण्याचे आमिष दाखवायचे आणि आधी 'शुल्क' भरायला लावायचे, अशी फसवणूक चालते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने लोकांना याबद्दल सावध केले होते. बँक असे व्यवहार करत नाही आणि कोणाला असे शुल्क गोळा करण्याचा अधिकारही दिलेला नाही.

या मोहावर गणित हा चांगला उतारा आहे. सहा आकड्यांच्या नंबरात ७८६ लागोपाठ येण्याच्या चार जागा आहेत. प्रत्येक जागेसाठी उरलेले तीन आकडे १००० प्रकारे येऊ शकतात. म्हणजे चार हजार. पण ७८६७८६ हा नंबर दोनदा मोजला गेला, तो एकदा वजा केला की ३,९९९. दहा लाख नंबरांत हे सुमारे चार हजार, म्हणजे अंदाजे अडीचशे नोटांमागे एक. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराच्या हातून अशी नोट जवळपास रोजच जात असेल.

वर्गात काय करता येईल

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून माणसे येतात. महाद्वाराजवळच्या कुंकवाच्या, कवड्यांच्या माळांच्या दुकानांत त्यामुळे दूरदूरच्या नोटा जमतात. आम्ही तिथल्या एका ओळखीच्या दुकानातून दहा आणि वीसच्या मळक्या नोटा सुट्ट्या करून घेतल्या, काही गावातल्या किराणा दुकानातून आणि काही एटीएममधून काढून आणल्या. मुलांनी वहीत रकाने पाडले : किंमत, मालिका, साल, सही, इनसेट लेटर, तारा, आणि नोटेची अवस्था. पूर्ण नंबर लिहायची गरज नाही.

मग सालांचा स्तंभालेख काढला. एटीएमच्या नोटा बहुतेक अलीकडच्या निघाल्या, दुकानातल्या दहाच्या नोटा मात्र अनेक सालांत पसरलेल्या. यावर वर्गात चांगला वाद झाला. 'भारतात नव्या नोटाच जास्त आहेत' असे एटीएमवरून म्हणता येईल का? एका मुलाने उत्तर दिले की एटीएम म्हणजे फक्त विहिरीचा झरा झाला, सगळी विहीर नव्हे. नमुना कुठून घेतला यावर निष्कर्ष अवलंबून असतो, हे याहून सोपे करून आम्हाला सांगता आले नसते.

आणखी एक काम द्या. नंबरातल्या अक्षरांची यादी करायला लावा. इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरे कोणाला सापडतात का? सापडली नाहीत तर का नसतील? मुले १ आणि ० या आकड्यांकडे बोट दाखवतील.

काही पथ्ये पाळावीत. नोटा शिक्षकाने स्वतःच्या आणाव्यात, मुलांकडून मागवू नयेत. नोटेवर लिहू नये, टाचणी लावू नये. रंगीत झेरॉक्स काढू नये. नोटेची हुबेहूब नक्कल करणे हा गुन्हा आहे. आणि हात धुवायला विसरू नये.

शंका आली तर

इतके पाहूनही शंका उरली तर नोट बँकेत न्यावी. नोट बनावट ठरली तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेते आणि पावती देते. तिचे पैसे मिळत नाहीत. एका वेळी चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते; पाच किंवा जास्त निघाल्या तर पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो. फाटक्या आणि मळक्या नोटा बदलून देण्याचीही बँकेत सोय आहे, त्यासाठी बाजारात बट्टा देण्याचे कारण नाही. बनावट आहे हे माहीत असताना ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हा मात्र अपराध आहे, आणि ती शेवटी बहुधा ज्याला बँकेत जायला वेळ नाही अशाच माणसाच्या हाती राहते.

आम्ही त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर सांगितले की चूक आमची होती, नोट चांगली होती. तिच्या आईलाही जाऊन सांगितले. बुडालेला रोज काही परत आला नाही. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने शाळेतले भिंग दोन दिवसांसाठी घरी मागितले. आईच्या सोबतच्या खुरपणाऱ्या बायकांना नोटा दाखवायच्या होत्या. आम्ही दिले.

आपल्या शाळेत हा उपक्रम करून पाहावा. आपल्या भागात कोणती साले आणि कोणती अक्षरे अधिक आढळली, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते आम्हाला जरूर कळवावे.